एकदाचं ठरवा हो!

पुण्यात ऐंशी लाखांचा फ्लॅट एका रविवारी अकरा ते एकच्या दरम्यान पसंत होतो, कारण एक वाजता घरी पानं मांडलेली असतात. त्याच फ्लॅटच्या बाथरूमची टाइल ठरायला पुढे तीन महिने लागतात. ‘ऑफ व्हाइट’ की ‘आयव्हरी’ यावर दोन्हीकडची माणसं बसतात, आत्या नाशिकहून फोनवर असते, आणि शेवटी दुकानदारच कंटाळून सांगतो, "अहो, माल एकच आहे. खोकं तेवढं वेगळं." म्हणून लोक निर्णयच घेत नाहीत ही तक्रार मला पटत नाही. घेतात की! वेळ तेवढा भलत्या ठिकाणी घालवतात.

नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश इतिहासकारांनी १९५७ सालीच हे लिहून ठेवलंय. समितीपुढे अणुभट्टीचा प्रस्ताव आला की काही मिनिटांत मंजूर, कारण अणुभट्टीतलं कोणाला काही कळत नाही. सायकलींच्या शेडवर मात्र पाऊण तास चर्चा, कारण शेडमधलं सगळ्यांना कळतं. कोथरूडच्या एखाद्या सोसायटीची वार्षिक सभा न बघता त्यांना हे सुचलं, म्हणजे माणूस थोरच. पुनर्विकासाच्या करारातलं बँक गॅरंटीचं कलम तिथे ‘वाचलं असं समजू’ म्हणून पुढे सरकतं, आणि वॉचमनच्या खुर्चीला हात असावेत की नसावेत यावर ए विंग आणि बी विंग वर्षभर बोलत नाहीत.

तेव्हा कुठलाही निर्णय समोर आला की आधी एकच विचारायचं: चुकलं तर परत फिरता येईल का, आणि किती रुपयांत? एका दिवसाच्या कमाईहून कमी नुकसान होणार असेल, तर दहा मिनिटांच्या वर वेळ द्यायचा नाही. महिन्याच्या कमाईइतकं असेल तर एक रविवार. वर्षाची कमाई पणाला असेल तर दोन-तीन आठवडे, आणि सोबत वकील किंवा सीए. घरातल्या घरात ‘आमचे हे सगळं बघतात’ असं म्हटलं जातं, ते ‘हे’ यात धरायचे नाहीत.

फ्लॅटचंच घ्या. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ऐंशी लाखांवर ५ लाख ६० हजार, वर नोंदणीचे ३० हजार. करार नोंदवला की हे पैसे सहजासहजी परत मिळत नाहीत. त्याच्या आधी मात्र विचाराला जागा असते: रेरा कायद्याप्रमाणे करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. म्हणून ‘आजच बुक केलंत तर मॉड्युलर किचन फुकट’ हे ऐकून हात खिशाकडे गेला, तर आधी बुकिंगच्या अर्जातलं रद्द करण्याचं कलम वाचावं. किती कापून घेणार, ते तिथे बारीक अक्षरात असतं. (घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणजे इथे ८० हजार. हा निर्णय पुरुष मंडळी कमालीच्या सावकाशीने घेतात.)

धंद्यात तर याहून बरी सोय आहे. मोठा निर्णय कापून लहान करता येतो. समजा, कर्वे रोडला गाळा घ्यायचाय, भाडं महिन्याला ४० हजार, लॉक-इन, म्हणजे गाळा सोडता न येण्याची मुदत, तीन वर्षं. सहाव्या महिन्यात कळलं की त्या बाजूला गिऱ्हाईक फिरकतच नाही, तर उरलेल्या तीस महिन्यांचे १२ लाख मानगुटीवर. त्याऐवजी मालकाला म्हणा, भाडं ४३ हजार घ्या, पण लॉक-इन सहा महिने आणि दोन महिन्यांची नोटीस. सहा महिन्यांत १८ हजार जास्त गेले. ती सुटकेची किंमत, आणि स्वस्त आहे. बाहेर पडायची वाट आधी ठरवली की आत शिरायचा निर्णय दहापट सोपा होतो. भागीदारीतही हेच: नफा कसा वाटायचा हे उत्साहात लिहिलं जातं, वेगळं कसं व्हायचं हे कोणी लिहीत नाही. मग जिवलग मित्रांचं कोर्टात खातं उघडतं.

आता लक्ष्मी रोड. साडीच्या दुकानात पांढऱ्या गादीवर बसलं की सेल्समनकाका बोलता बोलता पंचवीस साड्या उलगडतात, आणि विसाव्या साडीपर्यंत पहिल्या तिघी कोण होत्या हे कोणालाच आठवत नाही. हर्बर्ट सायमन यांना १९७८ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांच्या कामातला एक भाग साडीखरेदीला तंतोतंत लागू पडतो: माणूस सर्वोत्तम शोधत नाही, आपल्या कसोट्यांना उतरणारं पहिलं जे मिळेल तिथे थांबतो, आणि थांबावंच. अट एवढीच की कसोट्या गादीवर बसण्याआधी लिहिलेल्या हव्यात. रक्कम, रंग, आणि कशासाठी हवीये. तिन्हींत बसली की उठायचं. ‘अजून एक दाखवा’ म्हटलं की कसोट्या बदलतात, आणि मुंजीसाठी निघालेलं माणूस पैठणी घेऊन परततं.

पर्याय कमी असले की बरं, हेही तुम्ही ऐकलं असेल. २००० साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला जॅमचा प्रयोग त्यासाठी सांगतात. चोवीस प्रकार मांडले तेव्हा चव बघायला थांबलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी जॅम घेतला, सहाच मांडले तेव्हा ३० टक्क्यांनी. नंतरच्या प्रयोगांत मात्र दर वेळी असं निघालं नाही, त्यामुळे या आकड्यांवर फार मदार ठेवू नये. शिवाय त्या टेबलापाशी कोणाच्या सासूबाई उभ्या नव्हत्या.

स्थळं बघण्याचं मात्र खरंखुरं गणित आहे. वीस स्थळं येणार असतील तर पहिली ३७ टक्के, म्हणजे सात, नुसती बघायची. पोहे खायचे, कोणालाही होकार द्यायचा नाही. मग त्या सातांतल्या सर्वांत चांगल्याहून सरस असं पहिलं स्थळ येईल, त्याला हो म्हणायचं. सगळ्यांत उत्तम स्थळ मिळण्याची शक्यता अशाने साधारण ३७ टक्क्यांच्या आसपास असते, आणि याहून चांगली युक्ती गणितात नाही. बिघडतं ते असं. एक तर एकूण किती येणार ते आधी कळत नाही. दुसरं, सर्वोत्तम त्या पहिल्या सातांतच निघालं तर शेवटपर्यंत ताटकळत बसावं लागतं. आणि तिसरं, या गणितात समोरच्याला नकाराधिकारच नाही. सदाशिव पेठेत आहे. दोन्ही घरं हेच सूत्र वापरत असतील तर तुमचं स्थळ त्यांच्या पहिल्या सातांत पडू शकतं. तिथून ‘कळवतो’ एवढंच येतं आणि पोहे वाया.

सल्ला किती जणांचा घ्यावा? तिघांचा. एक, ज्याने ते काम स्वतः केलंय. दोन, ज्याला परिणाम भोगायचेत. तीन, ज्याचे पैसे आहेत. बाकीच्यांना ठरल्यावर पेढे द्यावेत. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘काय वाटतं?’ असं विचारणं म्हणजे मंडईच्या दारात उभं राहून गणपतीचा मार्ग विचारणं. प्रत्येकाचा वेगळा आणि प्रत्येकाचाच जवळचा.

हिंजवडीच्या ऑफिसांत बैठकीतून पुढच्या बैठकीची तारीख निघते. त्यावर उपाय निमंत्रणातच करावा. तीन ओळी पुरतात: काय ठरवायचंय, अंतिम शब्द कोणाचा, कधीपर्यंत. खाली लिहावं, ‘गुरुवारी पाचपर्यंत लेखी हरकत आली नाही तर मंजूर धरू.’ तोंडी हरकत फुकट असते म्हणून भरपूर येते; लेखी म्हटलं की निम्मी विरघळते. नावं मात्र दोन लिहू नयेत. दोघांनी मिळून ठरवायचं काम दोघंही एकमेकांवर सोपवून घरी जातात.

मोठ्या निर्णयाआधी आणखी एक गोष्ट करावी. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी तिला ‘प्रीमॉर्टेम’ म्हटलंय. एक वर्ष उलटलं आणि बेत साफ बुडाला, असं धरून चालायचं. प्रत्येकाने दहा मिनिटं एकट्याने बसून बुडण्याची कारणं लिहायची, मग मोठ्याने वाचायची, आणि त्यातल्या पहिल्या दोन-तीन कारणांची तजवीज आजच करायची. बाहेरगावी लोकांना हे शिकवावं लागतं. पुण्यात दुसऱ्याचा बेत का बुडणार याची कारणं शेजारी न विचारता देतात. आपण फक्त कागद-पेन घेऊन जायचं.

ठरलं की वहीत नोंद करावी: तारीख, काय ठरलं, कशामुळे, सहा महिन्यांत काय व्हावं अशी अपेक्षा. सहा महिन्यांनी ती उघडायची. निकाल वाईट लागला म्हणजे निर्णय वाईटच होता असं नसतं, आणि नशिबाने तारलेला मूर्खपणाही पुष्कळ असतो; हे दोन्ही वहीतच दिसतं, आठवणीत नाही. आठवणीत सगळ्यांनी सगळं आधीच सांगितलेलं असतं. म्हणून नोंदीखाली घरातल्या प्रत्येकाची सही घ्यावी, ‘मी तेव्हाच म्हणत होते’ला तेवढाच आळा. फक्त वही कोणाच्या कपाटात राहणार ते आधी ठरवा. त्यात दोन रविवार जातील.