तो ठिपका म्हणजे कॅमेऱ्यावरचा डाग नाही

‘क्वेसारचा महाघोटाळा’ नावाचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. (क्वेसार म्हणजे महाकाय कृष्णविवरात पडणाऱ्या वायूमुळे प्रखर चमकणारं दूरच्या दीर्घिकेचं केंद्र.) माझ्या अकरावीतल्या भाचीपर्यंत तो पोचला आणि तिने विचारलं, “मावशी, मग हे सगळं खोटंच असतं का?” तिला खगोलशास्त्रात जायचंय, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मेसेजचा मुख्य दावा असा: सर्वांत दूरचे क्वेसार म्हणजे फोटोतला एक तांबडा ठिपका. एका फिल्टरमध्ये दिसतो, बाकीच्यांत गायब. म्हणजे तो कॅमेऱ्याचा दोष.

हे वाचून मला खरोखर राग आला, कारण ‘गायब’ असणं हाच तर पुरावा आहे! इतक्या दूरच्या क्वेसारकडून निघालेल्या प्रकाशातला 121.6 नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा भाग वाटेतला हायड्रोजन गिळतो. विश्व प्रसरण पावतं तशी ही सीमाही ताणली जाते. ‘यूलास जे1120+0641’ या क्वेसारसाठी ती 8.085 पट ताणली जाऊन 983 नॅनोमीटरवर, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या पार पलीकडे जाते. म्हणून निळ्या, हिरव्या, तांबड्या फिल्टरमध्ये तिथे काळोख असतो आणि तांबड्यापलीकडच्या अवरक्त प्रकाशात, एका नव्हे, अनेक फिल्टरमध्ये लख्ख ठिपका. सर्वेक्षणाच्या लाखो नोंदींतून नेमकं असंच काही शोधून काढतात.

आता एक गोष्ट मान्य करावी लागेल. पहिल्या यादीत खोटे उमेदवारच जास्त असतात. कॅमेऱ्यावर आदळलेले वैश्विक किरण असतात, आणि आपल्याच आकाशगंगेतले थंड, तपकिरी खुजे तारेही असेच तांबडे दिसतात. मेसेजवाल्याने एवढं वाचलं आणि तिथेच थांबला. पुढे काय करतात? त्याच जागेचा पुन्हा फोटो घेतात. किरणाचा डाग दुसऱ्यांदा दिसत नाही. थंड ताऱ्यांच्या वातावरणातली वाफ आणि मिथेन अवरक्त प्रकाश शोषतात, त्यामुळे त्यांचे तिथले रंग वेगळे पडतात. आणि शेवटी वर्णपट घेतात, म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार पसरवून मोजतात.

30 जून 2011 च्या ‘नेचर’मध्ये डॅनियल मॉर्टलॉक आणि सहकाऱ्यांनी याच क्वेसारचा वर्णपट छापलाय. हवाईतल्या यूकर्ट दुर्बिणीच्या अवरक्त सर्वेक्षणातून तो सापडला आणि जेमिनी नॉर्थ व चिलीतल्या व्हीएलटी या दुर्बिणींनी तपासला. कार्बन, मॅग्नेशियम यांच्या रेषा (ठरावीक तरंगलांबीवरच्या त्यांच्या खुणा) सगळ्या साधारण आठ पटच सरकलेल्या. कॅमेऱ्याच्या डागात मॅग्नेशियमची रेषा कुठून येईल? पुढे एक्स-रे दुर्बिणीने तो पाहिला, रेडिओ दुर्बिणींनी पाहिला, जेम्स वेब दुर्बिणीनेही पाहिला. इतक्या वेगवेगळ्या कॅमेऱ्यांत एकाच जागी दोष?

आता मेसेजमधले बाकीचे दावे. ‘एवढं मोठं कृष्णविवर इतक्या लवकर बनूच शकत नाही’: महास्फोटानंतर 77 कोटी वर्षांत सुमारे 200 कोटी सूर्यांएवढं वस्तुमान कसं जमलं, हे कोडं खरंच सुटलेलं नाही. पण कोडं आहे म्हणून मोजमाप खोटं ठरत नाही.

‘रंग संगणकात भरतात’: अवरक्त डोळ्यांना दिसत नाही, म्हणून रंग नेमून द्यावेच लागतात. मोजणी त्या रंगीत चित्रावर होत नाही, मूळ आकड्यांवर होते. पुढे.

सर्वांत वाईट शेवटचं वाक्य: ‘डॉ. नारळीकरही हेच सांगत होते.’ मे 2025 मध्ये ते गेले, आता उत्तर द्यायला नाहीत, म्हणून त्यांचं नाव वापरायचं? क्वेसारची ताम्रसृती (प्रकाशाचं लांब तरंगलांबीकडे सरकणं) दर वेळी अंतरच सांगते का, हा प्रश्न नारळीकर, हॉइल, बर्बिज, आर्प या खगोलशास्त्रज्ञांनी विचारला होता, हे खरं. पण तो वाद ताम्रसृतीच्या अर्थाचा होता. ठिपके बनावट आहेत हा मुद्दा त्यात कुठेच नव्हता. आणि बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी त्यांचं म्हणणं स्वीकारलं नाही, त्याला कारणं होती. 1979 मध्ये वॉल्श, कार्सवेल आणि वेमन यांना एकाच क्वेसारच्या दोन प्रतिमा शेजारी-शेजारी सापडल्या. मधल्या दीर्घिकेच्या गुरुत्वाने त्याचा प्रकाश वळून दोन वाटांनी आपल्याकडे येतो. तो क्वेसार दीर्घिकेच्या मागे, खूप दूर असल्याशिवाय हे घडत नाही.