व्ही म्हणताना दात कुठे असतात?

२००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. तेव्हाची पहिलीतली मुलं आता पालक होऊन माझ्या वर्गाच्या दाराशी येतात. परवा एक आई म्हणाली, "मॅडम, स्पेलिंगं अजून पाठ आहेत, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की तोंडच उघडत नाही." मला फार लागलं ते. दहा वर्षं तिला इंग्रजी फक्त फळ्यावर दिसलं, त्यात तिचा काय दोष?

आता वर्गात टीव्ही आहे. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की 'दीक्षा' या सरकारी शिक्षण अ‍ॅपवर व्हिडिओ उघडतो. महिनाभर मी तेच केलं. मुलं तालावर डोलली, पण गाण्यातला एक शब्दही गाण्याबाहेर आला नाही. मग एकदा आवाज बंद केला, चित्र चालू ठेवलं आणि विचारलं, "हा काय म्हणत असेल?" वर्ग उसळला! आधी मराठीत, मग तुटक इंग्रजीत. त्यानंतर आवाज लावला, तेव्हा कुठे सगळे कान देऊन ऐकायला लागले.

उच्चारांचं तर फक्त ऐकून भागतच नाही. व्ही अक्षरासाठी आपण 'व्ह' लिहितो, म्हणून मुलं 'व्हॅन'मध्ये ह मिसळतात. इंग्रजीत तिथे ह नाहीच. वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे आणि आवाज घुमवायचा. डब्ल्यूला शिट्टी वाजवल्यासारखे ओठ गोल. हे देवनागरीत लिहून दाखवता येत नाही, बघावंच लागतं. मी दर दोघांत एक छोटा आरसा देते. मुलं आधी हसतात, मग एकमेकांचे दात तपासतात.

आणि एक कळकळीची विनंती. व्हिडिओ इंग्रजी असेल तर खालच्या ओळीही इंग्रजीच ठेवा. मराठी ओळी दिल्या की डोळे त्याच वाचतात आणि कान सुट्टीवर जातात. दूरदर्शनवर चित्रहारच्या हिंदी गाण्यांखाली हिंदीच ओळी दिसायच्या, ते आयआयएम अहमदाबादच्या ब्रिज कोठारींचं काम. गाता गाता वाचन सुधारावं हाच त्यामागचा हेतू.

माझं घोडं सध्या 'झू' आणि 'झेब्रा'वर अडलंय. तिथेही तोच ह शिरतो, पण जीभ आत असल्याने आरशात काही दिसत नाही. तळहात तोंडासमोर धरून श्वास जाणवतो का ते बघायला सांगते. निम्म्यांना अजून जमत नाही. कुणाला वेगळी युक्ती सापडली असेल तर सांगा, सोमवारीच करून बघते.