नवी थ्री सिरीज आणि नागपूरचा मे महिना

रविवारी नागपूरच्या धरमपेठेतून दादाचा फोन येतो, तेव्हा हल्ली घरातल्या खुशालीआधी बीएमडब्ल्यूच्या नव्या थ्री सिरीजचा विषय निघतो. सध्याची पिढी 2018 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आली. आता आहे तीच घ्यावी की नव्या रूपासाठी थांबावे, यावरून त्याच्या मित्रमंडळींत दोन तट पडले आहेत. वाद मुख्यतः पुढच्या जाळीचा आणि किमतीचा आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांवरचा 28 टक्के जीएसटी आणि उपकर जाऊन 40 टक्के कर आला, विजेवरच्या गाड्यांवर मात्र 5 टक्केच राहिला, आणि नवी थ्री सिरीज विजेवरही येणार आहे. त्यामुळे थांबा म्हणणाऱ्यांची बाजू सध्या वरचढ आहे.

मी राहतो त्या म्युनिचमध्येच या गाडीचा मूळ कारखाना आहे. नव्या पिढीसाठी कंपनीने तिथे 65 कोटी युरो गुंतवले असून 2027 अखेरपासून त्यातून फक्त विजेवरच्या गाड्या बाहेर पडणार आहेत. जाळीची काळजी मला वाटत नाही. 1933 पासून ती या गाड्यांच्या नाकावर आहे, 2020 मध्ये फोर सिरीजवर ती उभी आणि अवाढव्य झाली तेव्हा लोक चिडले, आणि नव्या सेडानची चाहूल देणाऱ्या 2023 च्या नमुन्यात ती पुन्हा आडवी होऊन दिव्यांत मिसळली. माझी काळजी गाडीच्या आतली आहे.

2001 मध्ये सेव्हन सिरीजबरोबर आलेली, सगळी यंत्रणा चालवणारी गोल कळ नव्या पिढीत नाही. तिच्या जागी समोरच्या काचेच्या तळाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत माहितीची पट्टी आणि मधोमध मोठा पडदा आहे. एसीची बटणे तर थ्री सिरीजमधून 2022 च्या बदलातच गेली. दिसायला हे फार देखणे आहे, यात शंका नाही. पण दोन हिवाळ्यांपूर्वी मी भाड्याने घेतलेल्या एका गाडीत, पावसाळी संध्याकाळी, महामार्गावर समोरच्या काचेवर आतून वाफ धरली. काच मोकळी करण्याचे चिन्ह पडद्यावर कुठल्या पानात आहे ते शोधताना नजर खाली गेली आणि वर पाहतो तो पुढच्या ट्रकचे लाल दिवे अगदी जवळ आले होते. मागे मुलगी झोपली होती. त्या दिवसापासून गाडी पाहताना मी आधी डोळे मिटून हात फिरवून बघतो.

समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 33 मीटर कापते, म्हणजे पडद्याकडे दोन सेकंद पाहिले की 66 मीटर रस्ता न पाहता मागे पडतो. युरोपातल्या युरो एनकॅप या सुरक्षा चाचणी संस्थेने 2026 पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे अशा मोजक्या कामांसाठी हाताला लागणारी नियंत्रणे असलेल्या गाड्यांना जास्त गुण देण्याचे ठरवले आहे. मला हे पाऊल मोलाचे वाटते, पण त्या यादीत एसी नाही, बहुधा ती युरोपातले हवामान समोर ठेवून झाली असावी. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे गेलेला असतो, दुपारभर उन्हात उभ्या गाडीच्या स्टीअरिंगला हात लावता येत नाही, रुमाल धरून ते वळवावे लागते, आणि सीताबर्डीच्या गर्दीतून बाहेर पडेपर्यंत पंखा वाढवणे, झोत तोंडावरून पायांकडे नेणे हे चार वेळा करावे लागते. तिथे एसीचे बटण वायपरइतकेच जरुरीचे आहे.

असे मागणे वावगे नाही, कारण भारतीय ग्राहकाचे याआधी ऐकले गेले आहे. 2021 पासून आपल्याकडे मिळणाऱ्या लांब थ्री सिरीजमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर 110 मिलिमीटर जास्त आहे, ते मागे बसणाऱ्यांसाठी. जर्मनीत ती विकलीच जात नाही. मागच्या माणसाच्या गुडघ्यांसाठी गाडी लांबवता येत असेल, तर चालवणाऱ्याच्या बोटांसाठी चार बटणे ठेवणे अवघड नसावे.

दादाला मी थांबच म्हटले आहे, पण जाळीसाठी नव्हे. नवी गाडी आली की सकाळी गारव्यात शोरूमला जाऊ नकोस. दुपारी 3 वाजता, उन्हात उभी केलेली गाडी माग, वर्धा रोडवर ने, आणि रस्त्यावरची नजर न काढता पंखा पूर्ण वेगावर नेता येतो का ते आधी पाहा.