थंड देशांतला गहू निफाडात पेरावा का? एक खुलासा

‘फिनलंड-कॅनडाचा गहू बर्फात तगतो, मग निफाडच्या थंडीत दुप्पट पिकेल,’ असा मेसेज नाशिकच्या शेतकरी ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

तिकडचा हिवाळी गहू शरदात पेरतात. रोपं हळूहळू थंडीला सरावतात, बर्फाच्या थराखाली तगतात. शून्य ते दहा अंशांच्या आसपासची थंडी कित्येक आठवडे सलग मिळाल्याशिवाय त्याला ओंबीच धरत नाही. निफाडात पारा पहाटे उतरतो, दुपारी पुन्हा चढतो. म्हणजे नुसता पाला वाढेल, दाणा नाही.

आणि आपल्या गव्हाला थंडी मानवतेच! खरा घात होतो दाणे भरताना, फेब्रुवारी-मार्चच्या उन्हानं. उशिरा पेरणार असाल तर निफाडच्याच संशोधन केंद्राचा ‘फुले समाधान’ हा गव्हाचा वाण घ्या. अनोळखी बियाण्यावर कृपया पैसे घालवू नका.