सहाशेला मिळतो, तर मिळू दे

आज स्वतः शिवलेला कुर्ता घालून ऑफिसला गेले होते. साधाच, निळा, मंगलगिरी कॉटनचा, दोन्ही बाजूंना खिसे. (बायकांच्या कपड्यांना खिसे लागतात हे दुकानवाल्यांना कधी कळणार, देव जाणे.) टीममधल्या एका पोराने कौतुकाने विचारलं, "कुठून घेतलास गं?" म्हटलं, शिवला. "किती वेळ लागला?" म्हटलं, दोन-तीन वीकएंड तरी गेले असतील. त्याने कॉफी ढवळता ढवळता माझ्या तासाचा भाव काढला असावा, कारण पुढचं वाक्य आलं, "अगं, ऑनलाइन सहाशेला मिळतो की!" त्यावर आमचे मॅनेजर म्हणाले, "छे, हिने तर पेज काढायला हवं. मस्त साइड इन्कम."

तेव्हा हसले. आता घरी आल्यावर चिडचिड होतेय, म्हणून हे लिहितेय.

माझ्या यादीतले निम्मे लोक हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसून हे वाचत असणार, तर सरळ सांगते. मला कामाचा उत्साह राहिलेला नाही. थकवा म्हणाल तर तो नाही, चांगली मोठी सुट्टी घेऊन पाहिली. पगाराची तक्रार नाही, माणसं चांगली आहेत. तरीही सकाळी लॅपटॉप उघडताना पोटात काहीच हलत नाही. आणि शनिवारी शिवणाच्या क्लासला जाताना मी रिक्षावाल्याला घाई करते.

क्लासमधला एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू आहेत. त्यांच्या मशीनवर टीप वरून छान दिसायची, पण खालून दोऱ्याची नुसती वेटोळी. दुरुस्तीवाला म्हणाला होता, मशीनच्या खालच्या भागातलं शटल बदलावं लागेल. आम्ही सगळ्या जमलो. खाली गुंता म्हणजे खालीच बिघाड, खालच्या दोऱ्याचं बॉबिन बघा, बॉबिन केसचा स्क्रू बघा, असं चाललं होतं. शिकवणाऱ्या बाई लांबून आल्या, मशीनला हातही न लावता म्हणाल्या, "काकू, मशीनचा पाय वर करा, वरचा दोरा काढा, परत ओवा." ओवला. टीप सरळ!

मग त्यांनी कारण सांगितलं. कापड दाबून धरणारा पाय खाली असला की दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या असतात. तेव्हा दोरा ओवला तर तो चकत्यांच्या मध्ये बसतच नाही, वरून सैल सुटतो आणि ती सगळी सैल खाली गोळा होते. गुंता खाली, कारण वर. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. का माहितेय? हे माझं काम होतं! याच्यासाठी मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात आले होते.

नवीन असताना एक रिपोर्ट सहा-सहा मिनिटं चालायचा. सगळे सर्व्हरला शिव्या घालायचे. मी रात्री उशिरापर्यंत बसून, एक एक जॉइन (डेटाची टेबलं जोडणारा टाकाच तो) उसवून, शेवटी चार-पाच सेकंदांवर आणला. घरी जाताना बसमध्ये एकटीच हसत होते. ते हातकामच होतं की. तेव्हा कुणी त्याला हातकाम म्हटलं नाही, एवढंच.

आता काय करते? वाचते. एआय टूल कोड लिहितं, मी वाचते, 'लुक्स गुड' लिहिते, पुढचं. मध्यंतरी रात्री काहीतरी कोसळलं. कॉलवर आम्ही चार जुनी खोडं, आणि ही ओळ इथे का आहे हे एकालाही सांगता येईना, कारण ती कुणी लिहिलेलीच नव्हती. शेवटी कुणीतरी एरर उचलून त्याच टूलमध्ये टाकला. त्याने अदबीने माफी मागितली आणि दुसरं उत्तर दिलं. बग गेला. का गेला, ते अजून कुणाला माहीत नाही. मला त्या क्षणी बाई आठवल्या. त्यांनी नुसता दोरा ओवून दाखवला असता आणि कारण सांगितलं नसतं, तर पुढच्या शनिवारी काकू परत तिथेच.

हो, टूल उपयोगाचं आहे. टेस्ट केसेस हाताने लिहायला मी पुन्हा जाणार नाही. झालं, मान्य केलं.

आणि "एवढी शिकलेली मुलगी शिवण काय करते" म्हणणाऱ्यांसाठी. 1969 साली अपोलो 11 चंद्रावर उतरलं, त्याच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम अक्षरशः ओवलेला होता. बारीक चुंबकी कड्या आणि तारा. तार कडीतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमच्या कारखान्यात बायकांनी हाताने ओवलाय तो. एकदा ओवल्यावर बदल म्हणजे महासंकट, त्यामुळे आधी विचार करावा लागायचा. इंजिनियर मंडळी त्या मेमरीला 'म्हाताऱ्यांची मेमरी' अशा अर्थाचं टोपणनाव लावून हसायची. हसा.

माझा राग खरं म्हणजे त्या पोरावर नाही. तो ईएमआयच्या वयात आहे, तासाचा भाव काढणारच. 'पेज काढ' हे मात्र डोक्यात जातं. पेज काढलं की ऑर्डरी, रिव्ह्यू, रील, 'डिलिव्हरी कधी', आणि मग तेही आपलं दुसरं ऑफिस. आई पायमशीनवर पडदे, अभ्रे, आम्हा बहिणींचे एकाच ताग्यातले फ्रॉक शिवायची. तिला पेज काढ म्हणणारं कुणी नव्हतं. अर्थात शेजारच्या बायका साडीचा फॉल लावायला आणून टाकायच्या आणि पैशांचं निघालं की "तुझं काय, घरचंच मशीन" म्हणायच्या, तेव्हा त्या काळाचंही फार कौतुक नको. आणि दिवसाला ढीगभर ब्लाऊज शिवून घर चालवणारी बाई हे वाचून म्हणेल, या पगारदार बयेला काय होतंय बोलायला. बरोबरच आहे तिचं. माझा पगार आहे म्हणून माझी टीप वाकडी गेली तरी चालते.

नोकरी सोडतेय का, असं विचारणाऱ्यांना: नाही. घराचे हप्ते आहेत, पोरीची फी आहे. सोमवारी दहाच्या स्टँडअप मीटिंगला मी असेन, कॅमेरा बंद करून. मॅनेजर विचारतील, हल्ली एनर्जी कमी वाटते, सगळं ठीक ना? मी ठीक म्हणेन. काकूंच्या मशीनची गोष्ट त्यांना सांगून बघावी असं एकदा मनात आलं होतं, पण ते ऐकून घेऊन 'लर्निंग शेअर कर टीमबरोबर' म्हणतील आणि माझ्याकडून स्लाइड्स करून घेतील.

ता. क. ब्लाऊज शिवून देशील का, असे तीन मेसेज आधीच आलेत. नाही. कटोरी मला अजून जमत नाही, आणि जमली तरी नाही. मावशी, तू विचारलंस तर बघू.