आत्याला काय झालं होतं?

पुण्यातल्या एका लॅबने सणाच्या सवलतीत ‘आनुवंशिक कॅन्सर धोका’ तपासणीचं पॅकेज काढलं आणि आमच्या माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडले. भाचरांचं म्हणणं, सॉफ्टवेअर धोका टक्क्यांत सांगतंय, तर आधी कळलेलं काय वाईट? काका म्हणाले, नसती खुळं आहेत. उद्या पोरीच्या स्थळाला कोणी विचारलं तर काय सांगाल? इंग्लंडमध्ये बसून हे वाचताना मला दोन्ही बाजू अर्ध्याच वाटल्या. त्या सॉफ्टवेअरमध्ये माहिती कुणी आणि काय भरायची, आणि आकडा हातात आल्यावर जायचं कुठे, याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं.

इथल्या फॅमिली हिस्ट्री क्लिनिकांमध्ये, म्हणजे घराण्यात कॅन्सर असलेल्यांचा धोका तपासतात तिथे, कॅनरिस्क नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. केंब्रिज विद्यापीठात ते तयार झालं. त्यामागचं गणिती मॉडेल म्हणजे बोडिसिया. नावावरून रोमनांशी लढलेली इथली राणी आठवते, पण ते आहे एका लांबलचक शास्त्रीय नावाचं लघुरूप. नातेवाइकांचे आजार, तेव्हाची वयं, बीआरसीए१, बीआरसीए२, पीएएलबी२ अशा जनुकांचे अहवाल, पाळी कधी आली, मुलं किती, वजन, स्तनांची घनता असं सगळं घेऊन ते स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरची शक्यता सांगतं.

माझ्यासाठी ही वंशावळ भरायची वेळ आली तेव्हा नर्सने पडद्यावर चौकोन आणि गोल मांडायला घेतले: पुरुष चौकोन, बाई गोल, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. मामाच्या मुलीशी लग्न झालं असेल तर जोडप्यामध्ये दुहेरी रेघ. आमच्याकडे ती दोनदा आली आणि तिने भुवई वर केली. मग प्रश्न आला, आत्याला काय झालं होतं? मी तिथूनच आईला फोन लावला. आई म्हणाली, “गाठ होती म्हणे. तेव्हा कोण सांगतंय? मिरजेला नेलं होतं, मग परत आणलं.” वय? “तुझ्या बाबांच्या लग्नाआधी गेली, तिशी-पस्तिशी असेल.” गाठ कुठे होती, हे आईला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ती माणसं आता नाहीत.

आत्या पस्तिसाव्या वर्षी गेली, एवढंच भरलं तर सॉफ्टवेअर समजतं की ती पस्तिशीपर्यंत कॅन्सरविना जगली, आणि माझा धोका आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतो. लपवलेला आजार आणि नसलेला आजार, मशीनच्या लेखी सारखेच. त्यात आपल्याकडे हा रोग आईकडूनच येतो असं पक्कं डोक्यात बसलेलं. बीआरसीएमधला दोष वडिलांत असेल तर त्यांच्याकडूनही पन्नास टक्के शक्यतेने येतो, त्यांना स्वतःला काही झालं नसलं तरी. आणि माहेरच्या बायकांचा माग काढायचा कसा? लग्नात कितीतरी जणींचं पाळण्यातलं नावसुद्धा बदललं. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत आमच्या घराण्याचे पणजोबा-खापरपणजोबा सापडतात, पण त्यांच्या लेकी सापडत नाहीत.

ही झाली भरण्याची बाजू. आकडा आल्यावर काय, यात मात्र इथला आणि तिथला फरक मोठा आहे. इथे नाइस, म्हणजे उपचारांचे निकष ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, मार्गदर्शक सूचनांनुसार विशीपासून आयुष्यभराचा धोका 17 टक्क्यांखाली असेल तर तुम्ही सर्वसाधारण, 17 ते 30 मध्यम, 30 किंवा जास्त असेल तर उच्च. मध्यम गटाला चाळिशीत दरवर्षी मॅमोग्राम, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, मिळतो. बीआरसीए दोष असेल तर तरुणपणीच दरवर्षी एमआरआय, आणि हवी असल्यास प्रतिबंधक शस्त्रक्रियाही. हे सगळं एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या पैशातून. तारखा मिळायला ताटकळावं लागतं, ते वेगळं. पण आकड्यापुढे एक रस्ता आहे. पुण्याच्या पॅकेजमध्ये पीडीएफ आहे.

तरी इथलं सगळं सोन्याचं नाही. ही मॉडेल्स प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या बायकांच्या माहितीवर घडली. शेकडो बारीक जनुकीय फरकांची बेरीज करून काढलेला गुण दक्षिण आशियाई बाईला तितका नेमका लागू पडत नाही. आणि भारतात स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांचं सरासरी वय पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी, तेव्हा इथली चाळिशीची रेघ तिथे जशीच्या तशी ओढून चालणार नाही.

काकांची भीती मला हास्यास्पद वाटत नाही. ब्रिटनमध्ये सरकार आणि विमा कंपन्यांच्या 2018च्या संहितेमुळे भावी धोक्याच्या जनुकीय अहवालावरून कंपन्या तुम्हाला अडवू शकत नाहीत. अपवाद फक्त पाच लाख पौंडांवरच्या जीवनविम्यासाठी हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक रोगाचा. आईला कॅन्सर होता का, हे मात्र विचारू शकतात! भारतात त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने आनुवंशिक आजाराच्या नावाखाली आरोग्यविमा नाकारणं भेदभाव ठरवलं. स्थळ मोडण्यावर कुठल्याच न्यायालयाचा इलाज नाही.

म्हणून निरोगी मुलींना सवलतीत टक्के विकण्यापासून सुरुवात करू नये, असं माझं मत. आधी ज्यांना कॅन्सर झालाय त्यांची जनुकीय तपासणी व्हावी. स्तनाच्या कॅन्सरमध्ये आनुवंशिक दोष साधारण 5 ते 10 टक्क्यांमध्येच असतो, पण जिच्यात सापडला तिच्या भावंडांना फक्त तो एक दोष शोधावा लागतो. काम स्वस्त आणि उत्तर हो किंवा नाही. मुंबईत टाटा मेमोरियलचं कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिक कित्येक वर्षं असं समुपदेशन करतंय. तेच जिल्ह्यापर्यंत पोचायला हवं.

इथे दोष सापडला की नातेवाइकांसाठी पत्र देतात, त्यात त्या दोषाचं शास्त्रीय नाव असतं. जगातल्या कुठल्याही जेनेटिक्स क्लिनिकला ते पुरतं. माझ्या लेस्टरच्या मैत्रिणीने ते सोलापूरच्या भावाला पाठवलं. त्याने बायकोलासुद्धा न दाखवता कपाटात टाकलं. त्याला दोन मुली, थोरली पंचविशीची. वर्षभर वाट पाहून मैत्रिणीने सरळ भाचीलाच फोन केला. इथले समुपदेशक म्हणतील, आधी भावाला आणखी समजवायला हवं होतं. मला विचाराल तर तिने वर्षभर थांबायलाच नको होतं.