प्रयोगशील शाळेत मूल घालण्याआधी

आमची शाळा प्रयोगशील, म्हणजे मार्क-नंबरांऐवजी मुलांना स्वतः करून, चुकून शिकू देणारी. आज सकाळी तिथल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका बाबांनी मुलाच्या वहीच्या पानाचा फोटो टाकला. पावसावर सात-आठ ओळी. ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ, एक जोडाक्षर उलटं. लाल पेनाची एकही खूण नाही. खाली वर्गाच्या ताईंनी, म्हणजे शिक्षिकेने, फक्त एवढंच लिहिलेलं: ‘पत्र्यावरचा आवाज मला ऐकू आला. वास कसा होता?’

त्यावर बाबांचा मेसेज: ‘एवढी फी भरायची आणि शाळेने साध्या चुकाही काढायच्या नाहीत? आमची मुलं काय प्रयोगाचे उंदीर आहेत? दर आठवड्याला चाचणी घ्या, नंबर काढा.’ खाली अंगठ्यांची रांग लागली. त्यात प्रवेशाच्या सभेत पहिल्या ओळीत बसून ‘आम्हाला मार्कांच्या मागे धावणारी शाळा नकोच’ असं म्हणणारी मंडळीही होती. तेव्हापासून डोकं ठणकतंय, म्हणून लिहितेय. ग्रुपवर लिहिलं असतं तर भांडण झालं असतं.

माझी लेक तिसरीत असतानाची गोष्ट. त्यांच्या वर्गाच्या खिडकीतून दुपारी ऊन यायचं आणि शेवटच्या ओळीतल्या मुलांच्या डोळ्यांवर पडायचं. मुलांनी ठरवलं, पडदा करू. त्या आठवड्यात पालक म्हणून मदतीला माझी पाळी होती, त्यामुळे हे सगळं मी कोपऱ्यात बसून पाहिलं. वर्गातल्या सगळ्यांत उंच मुलाने स्टुलावर चढून खिडकी मोजली. वितीने. बारा विती भरली. कापड मोजायला बसली माझी लेक, जिचा हात वर्गात सगळ्यांत लहान. तिनेही इमानदारीत बारा विती मोजल्या, खडूने रेघ मारली आणि कापलं.

मला दिसत होतं काय होणार ते. ताईंनाही दिसत होतं. माझ्या शेजारी बसलेली दुसरी आई कुजबुजली, ‘अहो, सांगा ना त्यांना, कापड वाया जाईल.’ ताईंनी फक्त हाताने ‘थांबा’ अशी खूण केली.

पडदा अर्थातच आखूड झाला. चांगला हातभर. मग जे भांडण झालं! ‘तू चुकीचं मोजलंस’, ‘नाही, तूच चुकीचं मोजलंस’, एकाला रडू फुटलं. ताई तरी गप्प. शेवटी एका मुलीने उंच मुलाचा पंजा धरून माझ्या लेकीच्या पंजावर टेकवला आणि सगळा वर्ग एकदम शांत झाला. नंतरचा वाद त्याहून भारी होता: मग वीत कुणाची धरायची? ताईंची धरली तर ताई रजेवर असताना मोजायचं कसं? दुसऱ्या दिवशी त्यांनी एक काठी ठरवली. मग शेजारच्या वर्गाची काठी वेगळ्या लांबीची निघाली. त्यानंतर ताईंनी मीटरपट्टी बाहेर काढली आणि मुलं त्या पट्टीकडे अशी बघत होती की ही एवढ्या कामाची वस्तू आजवर कुठे दडवली होती!

प्रयोगशील शाळा म्हणजे ‘मोकळं सोडणं’ हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. त्या ताई मोकळं सोडत नव्हत्या. त्या दिवशी पट्ट्या कपाटात ठेवल्या होत्या, कापड जादा आणलं होतं, आणि कुठे थांबायचं, कुठे बोलायचं हे त्यांनी ठरवलेलं होतं. त्या गप्प बसण्याची तयारी फळ्यावर ‘शंभर सेंटिमीटर म्हणजे एक मीटर’ लिहिण्यापेक्षा कितीतरी जास्त असते.

आणि हे कुणी काल-परवा काढलेलं खूळ नाही. जॉन ड्यूई या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने शिकागो विद्यापीठात आपली शाळा सुरू केली ती १८९६ साली. तिथली मुलं कापसाच्या बोंडातून सरकी काढायला बसली, तेव्हा अर्धा तास खपूनही एक औंसभर कापूस निघाला नाही. मग त्यांना आपोआप कळलं की पूर्वीची माणसं सुती सोडून लोकरीचे कपडे का वापरत होती. इतिहास, विज्ञान, अर्थशास्त्र, सगळं त्या बोंडात होतं. हाच ड्यूई १९३८ साली स्वतःच्याच अनुयायांना सुनावून गेला, की नुसतं स्वातंत्र्य दिलं म्हणजे शिक्षण होत नाही, प्रत्येक अनुभव शिकवतोच असं नाही, मोठ्यांनी नियोजन करायलाच हवं. प्रवेशाला जाल तेव्हा हे लक्षात ठेवा. जी शाळा ‘आम्ही काहीच ठरवत नाही, मुलंच ठरवतात’ असं अभिमानाने सांगते, तिथून सरळ घरी या.

‘पुढे काय होणार या मुलांचं?’ हा प्रश्न तर दर सभेत येतो. अमेरिकेत १९३३ ते १९४१ या काळात हेच तपासून झालंय. तीस माध्यमिक शाळांना कॉलेज प्रवेशाच्या ठरीव अटींतून सूट मिळाली, आणि तिथून कॉलेजात गेलेल्या मुलांची नेहमीच्या शाळांतल्या, तशाच घरच्या, तशाच कुवतीच्या मुलांशी जोडी लावली गेली. अशा १,४७५ जोड्या. प्रयोगशील शाळांतली मुलं मागे पडली नाहीत, उलट थोडी पुढेच राहिली. निष्कर्ष छापून आले तेव्हा महायुद्ध चालू होतं, कोण वाचणार? आणि आपण आजही तोच प्रश्न नव्याने विचारतोय. मान्य, तो काळ वेगळा होता, आजची प्रवेश परीक्षांची शर्यत तेव्हा नव्हती. पण म्हणून दर आठवड्याला नंबर?

आता दुसरी बाजू. ती मला आवडत नाही, पण सांगायला हवी.

त्या बाबांचं एका बाबतीत बरोबर आहे. वाचन. बोलणं मूल ऐकून ऐकून शिकतं, वाचणं तसं येत नाही. अक्षर आणि आवाज यांची सांगड कुणीतरी पद्धतशीरपणे, रोज, न कंटाळता घालून द्यावी लागते. ‘पुस्तकांच्या सहवासात राहिलं की येईल’ असं म्हणत वर्षं घालवणाऱ्या शाळा आहेत. त्यांचं नुकसान मुलांनी सोसलंय. सगळ्यांत जास्त सोसलंय डिस्लेक्सिया, म्हणजे वाचताना अक्षरं-शब्द ओळखायला अडचण, असलेल्या मुलांनी. ‘प्रत्येक मूल आपल्या गतीने शिकतं’ हे वाक्य मला मनापासून पटतं, आणि याच वाक्याखाली चौथीपर्यंत न वाचता येणारं मूल झाकलं जातं हेही मी पाहिलंय. तेव्हा मुख्याध्यापकांना स्पष्ट विचारा: वाचन कसं शिकवता? मूल अडलंय हे कितव्या महिन्यात कळतं? कळल्यावर कोण काय करतं? उत्तरात फुलपाखरं आणि कळ्या आल्या, तर पुन्हा विचारा. पाढ्यांचंही तेच. समजून पाठ झाले पाहिजेत, पण झाले पाहिजेत.

पैशाबद्दल आपल्या वर्तुळात कुणी बोलत नाही. मी बोलणार. खाजगी, विनाअनुदानित शाळा म्हणजे शिक्षकांचा पगार तुमच्या-आमच्या फीतून. वर्ग लहान ठेवायचे, दोन ताई ठेवायच्या, म्हणजे फी वाढणार, हे गणित सोपं आहे. पण ही सगळी चळवळ सुरू कुणासाठी झाली होती? मारिया माँटेसरीचं पहिलं बालगृह १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत उघडलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ कोसबाडला आदिवासी मुलांसाठी राबल्या. मुलं गुरांमागे जातात म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली. कॅरोलाइन प्रॅट, जिने ते लाकडी ठोकळे बनवले जे आज जगभरच्या बालवाड्यांत आहेत, तिने १९१४ साली न्यूयॉर्कमध्ये शाळा काढली ती कामकरी घरांतली मुलं डोळ्यांपुढे ठेवून. हळूहळू तिथे लेखक-कलावंतांची मुलं भरली. आणि आज अशी शाळा म्हणजे ज्यांना परवडतं त्यांची. मला याचा राग येतो. ‘समता’ हा शब्द माहितीपत्रकात असेल तर विचारा, सवलतीच्या फीवर किती मुलं आहेत, आणि त्यांच्या आईवडिलांना सभेत बोलायला कुणी जागा देतं का? त्यांना वेगळं पाडलं जात असेल तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

पाट्यांचं तर विचारूच नका. ‘बालकेंद्री’, ‘अनुभवाधारित’, ‘आनंददायी’ हे शब्द कुणीही छापू शकतं. माँटेसरी हे नावसुद्धा कुणाच्या मालकीचं नाही. म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा भिंती बघा. तीस मुलांची तीस चित्रं एकसारखी असतील, तर ती बाईंनी काढून घेतली आहेत. चित्रं मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावलीत की पाहुण्यांच्या? वर्गात आवाज असेल तर कसला आहे ते ऐका. कामाचा आवाज आणि गोंधळाचा आवाज पाच मिनिटांत वेगळा कळतो. शिक्षक किती वर्षं टिकतात हे विचारा. दर जूनला नव्या ताई येत असतील तर पद्धत कितीही सुंदर असो, ती टिकणार नाही, कारण असली शाळा पुस्तकात नसते, माणसांत असते. ड्यूई स्वतः १९०४ साली विद्यापीठाशी बिनसल्यावर शिकागो सोडून गेला. शाळा टिकली, पण ती त्याची राहिली नाही. तुम्ही बघताय त्या शाळेत संस्थापक निघून गेल्यावर कोण, याचं उत्तर आहे का? आणि आदल्या वर्षी किती मुलं शाळा सोडून गेली, का गेली? प्रामाणिक शाळा हे सांगते, मान खाली घालून का होईना, सांगते.

एवढं सगळं शाळेला विचारलंत, आता स्वतःला विचारा. कारण माझ्या मते खरी अडचण इथे आहे.

आपल्याला ही शाळा हवी असते, पण तिचा वेग नको असतो. मुलाने प्रश्न विचारावेत, फक्त आपल्याला विचारू नयेत. प्रगतिपुस्तकात मार्कांऐवजी ताईंनी दोन पानं लिहून दिली की आपण ती चाळतो आणि शेवटी विचारतो, ‘पण म्हणजे वर्गात कितवा?’ कितीतरी घरांत संध्याकाळी गुपचूप शिकवणी चालते आणि मुलाला बजावलेलं असतं, ‘ताईंना सांगू नकोस.’ त्या पोराने काय समजायचं? शाळा म्हणते चूक म्हणजे शिकण्याची जागा, घरी म्हणतात चूक म्हणजे मार्क गेले. दोन दगडांवर पाय ठेवून मूल उभं राहतं आणि पडलं की आपण म्हणतो, शाळेचा प्रयोग फसला. फसवलात तुम्ही!

त्या दिवशीच्या वर्गात शेजारच्या आईची जी कुजबुज होती ना, ‘सांगा ना त्यांना’, तीच ही आहे. पडदा आखूड झालेला आपल्याला बघवत नाही. आखूड पडदा मुलाच्या डोळ्यांना जितका टोचतो त्याच्या दसपट आपल्याला टोचतो, कारण शेजारच्या शाळेतल्या मुलाचा पडदा पूर्ण असतो. तो कुणी कापून दिला, हे आपण विचारत नाही.

(आणि शाळा अर्ध्यावर बदलायचा विचार असेल तर आधीच ठरवा. अशा शाळेतलं मूल मध्येच परीक्षेच्या शाळेत गेलं की पहिले काही महिने चाचपडतं. घड्याळ लावून लिहायची त्याला सवय नसते, बाई म्हणतील तेच उत्तर लिहायचं हे त्याला कळत नाही. बहुतेक मुलं सावरतात. पण तो काळ त्यांच्यासाठी अवघड असतो, आणि तेव्हा ‘त्या शाळेने वाट लावली’ असं त्याच्या देखत बोलू नका.)

हे लिहिता लिहिता त्या बाबांचा मेसेज पुन्हा वाचला. सकाळी दिसली नव्हती ती एक ओळ होती शेवटी: ‘मला स्वतःला शुद्ध लिहिता येत नाही म्हणून ऑफिसात ऐकून घ्यावं लागतं, ते त्याच्या वाट्याला येऊ नये.’ हे वाचून राग उतरला. हा माणूस शाळेच्या विरोधात नाही, घाबरलेला आहे. आणि त्याच्या भीतीला शाळेने उत्तर द्यायला हवं. ताईंनी वासाबद्दल विचारलं ते योग्यच होतं. पहिल्या खर्ड्यावर लाल रेघा मारल्या तर पोरगं पुढच्या वेळी तीनच ओळी लिहील, सोप्या सोप्या शब्दांत, चूक होऊ नये म्हणून. पण शुद्धलेखन कधी, कोणत्या खर्ड्यावर, कसं घेतात, हे पालकांना सांगणं शाळेचं काम आहे. आमच्या शाळेत पक्क्या प्रतीच्या वेळी मुलं जोडीने एकमेकांचं लेखन तपासतात, शब्दकोश घेऊन. हे मला माहीत आहे ते वर्गात बसले म्हणून. त्या बाबांना कोण सांगणार? शाळा गृहीत धरते की पालकांना सगळं कळतं. नाही कळत! आपण सगळे रांगेत बसून, छड्या खाऊन, नंबर लावून शिकलेली माणसं. दुसरं काही पाहिलेलंच नाही, तर भरवसा कुठून येणार?

तेव्हा त्यांना आता वेगळा मेसेज करतेय, की पुढच्या महिन्यात मदतनीस पालक म्हणून माझी पाळी आहे, ती तुम्ही घ्या. लेखनाच्या तासाला बसा, पक्की प्रत होईपर्यंत बसा, आणि मग चाचणीची मागणी कायम असेल तर सभेत मांडा, मी ऐकून घेईन. आणि ज्यांनी या आठवड्यात मला इनबॉक्समध्ये ‘ती शाळा कशी आहे, घालू का मुलीला’ असं विचारलंय, त्यांना: फॉर्म भरायच्या आधी एक अख्खा दिवस वर्गात बसायची परवानगी मागा. पाहुण्यांसाठी ठेवलेला दिवस नको, साधा मंगळवार-बुधवार. नाही म्हणाले तर दुसरी शाळा बघा. हो म्हणाले तर जा, कोपऱ्यात बसा, आणि मुलं चुकत असतील तेव्हा मध्ये बोलू नका.